खानदेशातील रोजगार साहाय्य

खानदेशातील रोजगार साहाय्य या संज्ञेने महाराष्ट्राच्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत रोजगारार्थींना दिल्या जाणाऱ्या विशिष्ट स्वरूपाच्या मदतीचा निर्देश होतो. काम करण्याची इच्छा व क्षमता असूनही एकाहून अधिक अडचणींमुळे ज्यांना नियमित काम मिळत नाही, त्यांना कामापर्यंत पोहोचवणे आणि मिळालेल्या कामावर टिकून राहण्यास मदत करणे, असे तिचे दुहेरी स्वरूप आहे. तीत नोंदणी, मार्गदर्शन, प्रशिक्षण, कागदपत्रांची पूर्तता, कर्जपुरवठा, निवासाची सोय आणि नेमणुकीनंतरचा पाठपुरावा यांचा समावेश होतो. शासकीय कार्यालये, बँका, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था आणि स्वयंसेवी संस्था हे काम करतात.

या विषयातील मुख्य प्रश्न केवळ नोकऱ्यांच्या संख्येचा नाही. अल्पशिक्षण, कागदपत्रांचा अभाव, हंगामी स्थलांतर, कर्ज, आजारपण किंवा अपंगत्व या अडचणी बहुधा एकट्यादुकट्या येत नाहीत. त्या एकमेकींना बळ देतात. त्यामुळे एकच अडचण दूर करणारी योजना पुष्कळदा अपुरी पडते.

## संज्ञा

बेरोजगार व्यक्ती आणि रोजगारार्थी यांत थोडा फरक आहे. काम नसलेली व कामासाठी उपलब्ध असलेली व्यक्ती बेरोजगार समजली जाते. रोजगारार्थी व्यक्तीकडे काही काम असूही शकते, पण ती अधिक चांगल्या किंवा नियमित कामाच्या शोधात असते. खानदेशातील अनेक शेतमजूर वर्षातले काही महिने पूर्ण वेळ कामावर असतात आणि उरलेले महिने रिकामे असतात. सरकारी मोजणीत ते बेरोजगार ठरतीलच असे नाही, परंतु त्यांचा रोजगार टिकाऊही म्हणता येत नाही.

टिकाऊ रोजगार याचा अर्थ आजन्म नोकरी असा नाही. ज्या कामातून वर्षभर पुरेशी मिळकत होते, वेतन ठरलेल्या वेळी मिळते, आजारपणात किंवा बाळंतपणात काम सुटत नाही आणि भविष्य निर्वाह निधी, विमा यांसारखे संरक्षण असते, ते काम सामान्यतः टिकाऊ समजले जाते. स्वयंरोजगाराच्या बाबतीत व्यवसाय सुरू होण्याइतकेच कर्जाचे हप्ते फेडून तो चालू राहणे महत्त्वाचे ठरते.

## प्रदेश आणि रोजगाराचे स्वरूप

ब्रिटिशकालीन खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश पुढे धुळे जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ आणि धुळे जिल्ह्याची २०,५०,८६२ होती. धुळे जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३१ टक्के, तर जळगाव जिल्ह्यात सुमारे १४ टक्के होते.

शेती हा येथील रोजगाराचा प्रमुख आधार आहे. तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळी, तर इतरत्र कापूस, ज्वारी, मका व कडधान्ये घेतली जातात. केळीमुळे मजुरांना तुलनेने दीर्घकाळ काम मिळते. कापूस वेचणी आणि सरकी काढण्याचे जिनिंगचे काम मात्र हंगामापुरते असते. जळगावात डाळमिल, प्लॅस्टिक व पीव्हीसी नळ्या, सिंचन साहित्य आणि सुवर्णव्यवसाय यांतून रोजगार मिळतो. भुसावळचे रेल्वे जंक्शन, भुसावळ व वरणगाव येथील आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र ही नियमित नोकरीची जुनी ठिकाणे आहेत. धुळे जिल्ह्यात अवधान व नरडाणा येथील औद्योगिक वसाहती आणि शिरपूर परिसरातील वस्त्रोद्योग यांचा उल्लेख करावा लागेल.

स्थानिक काम पुरत नसल्याने स्थलांतर मोठे आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे खानदेशातील कामगार सुरतेच्या कापड उद्योगात मोठ्या संख्येने गेले. उधना, लिंबायत या भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. दुसरे स्थलांतर ऊसतोडीचे. दक्षिण गुजरातमधील सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून जाणाऱ्या मजुरांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात केला होता.

## इतिहास

### भिल्ल एजन्सी

१८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आल्यानंतर भिल्लांचे उठाव सुरू राहिले. केवळ लष्करी कारवाई निष्फळ ठरल्यावर १८२५ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असताना तीन भिल्ल एजन्सी स्थापन करण्यात आल्या. भिल्लांची नोंद ठेवणे, त्यांचे तंटे सोडवणे आणि शेती करू इच्छिणाऱ्यांना जमीन व तगाई देणे ही एजन्सीची कामे होती. त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी खानदेश भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे पुढे धरणगाव येथे होते.

या उपक्रमाचा हेतू मुख्यतः राज्यात शांतता राखण्याचा होता आणि जंगलावरील भिल्लांच्या पारंपरिक हक्कांना त्यात स्थान नव्हते. तरीही त्याची रचना लक्षणीय आहे. ठरलेला पगार, पूर्वीच्या गुन्ह्यांबाबत सौम्य धोरण, शेतीसाठी भांडवल आणि तंटे सोडवण्यासाठी एकच अधिकारी, अशा अनेक गोष्टी एकाच वेळी पुरवल्या गेल्या होत्या.

### गिरण्या

जळगाव येथील खानदेश मिल (१८७४) आणि अमळनेर येथील प्रताप मिल (१९०६) यांमुळे खानदेशात प्रथमच नियमित पगारावर अवलंबून असलेला मोठा कामगारवर्ग तयार झाला. धुळे आणि चाळीसगाव येथेही गिरण्या निघाल्या. अमळनेर व धुळे येथील गिरणी कामगारांच्या लढ्यांशी साने गुरुजींचा निकटचा संबंध होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरण्या एकेक करून आजारी पडल्या व बंद झाल्या. मध्यम वयाच्या, एकच यंत्र चालवण्यात निष्णात असलेल्या कामगारांना तोडीचे दुसरे काम मिळणे कठीण गेले. कौशल्य असणे आणि त्याला मागणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

### सालदारी आणि श्रमिक चळवळ

वर्षभराच्या कराराने शेतमालकाकडे राबणाऱ्या मजुरास सालदार म्हणतात. खानदेशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते व पुढील आखाजीला संपते. सालदारीत वर्षभराचे काम असते. परंतु मालकाकडून घेतलेल्या उचलीमुळे मजूर बांधला जातो. म्हणून कामाचा कालावधी हा टिकाऊपणाचा एकमेव निकष मानता येत नाही. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात १९७० च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी सालदारांची मजुरी व आदिवासींच्या जमिनी हे प्रश्न हाती घेतले.

### रोजगार हमी

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यभर पोहोचली. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आकारला जाऊ लागला. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला. फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यातील २०० जिल्ह्यांत धुळ्याचा समावेश होता. एप्रिल २००८ पासून हा कायदा सर्व ग्रामीण जिल्ह्यांना लागू झाला.

या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. रोजगारातील अडथळ्यांच्या दृष्टीने त्यातील तपशील महत्त्वाचे होते. काम शक्यतो गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यावे, त्याहून दूर असल्यास मजुरी १० टक्के अधिक द्यावी; सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले कामाच्या जागी असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची मजुरीवर नेमणूक करावी; मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशा त्या तरतुदी होत. अंतर आणि मुलांचा सांभाळ या मजुराच्या खाजगी अडचणी नसून काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्यांतून कायद्यात आले. अंमलबजावणी मात्र सर्वत्र सारखी झाली नाही. उशिरा मिळणारी मजुरी ही सातत्याने येणारी तक्रार होती.

## अडथळ्यांचे प्रकार

कागदपत्रे. आधार, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि बँक खाते यांवाचून आरक्षित पदासाठी किंवा बहुतेक योजनांसाठी अर्ज करता येत नाही. जात वैधतेसाठी पूर्वजांचे जुने महसुली किंवा शालेय पुरावे लागतात. ज्या कुटुंबात शाळेत जाणारी पहिलीच पिढी आहे, त्यांच्याकडे असे पुरावे नसतात. आधार आणि शाळेचा दाखला यांवरील नावांच्या लेखनातील किरकोळ फरकही अर्ज अडवतो.

भाषा. खानदेशात अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, तडवी, गोरमाटी इत्यादी बोली घरात बोलल्या जातात. प्रमाण मराठीतील अर्ज, इंग्रजीतील संगणकीय नमुना आणि मुलाखत या तिन्ही पायऱ्या अशा उमेदवाराला परक्या भाषेत चढाव्या लागतात. मुलाखतीतील संकोचाचा अर्थ अनेकदा अज्ञान असा लावला जातो.

अंतर आणि वेळ. सातपुड्यातील पाड्यांपासून औद्योगिक वसाहती दूर आहेत. कारखान्याची पाळी आणि एसटीची वेळ जुळत नसेल, तर खोली भाड्याने घेणे भाग पडते आणि सुरुवातीच्या पगाराचा मोठा भाग त्यातच जातो.

हंगामी स्थलांतर. ऊसतोडीला पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मानला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल हंगामात फेडावी लागते. टोळी दिवाळीच्या सुमारास निघते व उन्हाळ्यात परतते. या काळात मुलांची शाळा तुटते, आणि प्रशिक्षणाची तुकडी सुरू झाली तरी तरुण गावात नसतात.

घरची जबाबदारी. लहान मुले, वृद्ध व आजारी माणसे यांचा सांभाळ बहुधा स्त्रियांकडे असतो. रात्रपाळी, वाहतुकीतील असुरक्षितता आणि घरच्यांचा विरोध यांमुळे प्रशिक्षण पूर्ण केलेल्या अनेक स्त्रिया प्रत्यक्ष नोकरीपर्यंत पोहोचत नाहीत.

आरोग्य व अपंगत्व. सातपुड्यातील आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारामुळे सांधेदुखी व थकव्याचे झटके येतात आणि कामात खंड पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. परंतु त्याच कायद्यातील सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षण ज्या गटांना लागू होते, त्यांत रक्तविकार येत नाहीत. मानसिक आजार आणि व्यसन या अडचणी लपवल्या जात असल्याने त्यांची दखल आणखी उशिरा घेतली जाते.

पूर्वग्रह. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी व अन्य विमुक्त जमातींतील उमेदवारांना त्या संशयाचा अनुभव आजही येतो. पूर्वी शिक्षा भोगलेल्या व्यक्तीला पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीची अडचण येते.

### अडथळ्यांची साखळी

हे अडथळे एकमेकांत कसे गुंततात, हे एका काल्पनिक उदाहरणावरून समजते. पाड्यावरील एक तरुण दहावीत असताना आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातो, म्हणून परीक्षा चुकते. दहावी नसल्याने औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील त्याच्या पसंतीच्या व्यवसायाला प्रवेश मिळत नाही. अल्पमुदतीचे प्रशिक्षण मिळते, पण नेमणूक पुण्याजवळच्या कारखान्यात होते. पहिला पगार महिन्यानंतर मिळणार असतो आणि खोलीची अनामत आधी द्यायची असते. पैसे मुकादमाकडून उचल घेऊन उभे केले जातात. दोन महिन्यांनी वडील आजारी पडतात, रजा मिळत नाही, तरुण परततो आणि उचल फेडण्यासाठी पुन्हा कोयता हाती घेतो. प्रशिक्षणसंस्थेच्या नोंदीत त्याची नेमणूक झालेली असते. कारखान्याच्या नोंदीत तो न सांगता निघून गेलेला असतो. दोन्ही नोंदी खऱ्या असूनही काय बिघडले ते कोणत्याही नोंदीत नसते.

## साहाय्याच्या यंत्रणा

### सेवायोजन

देशात रोजगार सेवा १९४५ मध्ये सुरू झाली. रिक्त पदे कळवणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ मध्ये झाला. खाजगी क्षेत्रात तो २५ किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू करण्यात आला. मात्र पदे कळवणे सक्तीचे असले, तरी कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेणे बंधनकारक नव्हते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाच्या यादीवर न थांबता पदांची जाहीर प्रसिद्धीही करावी, असा निर्णय दिला. त्यानंतर या नोंदणीचे महत्त्व घटले. आता नोंदणी ‘महास्वयम्’ या संकेतस्थळावर होते, आणि जिल्हा कार्यालये रोजगार मेळावे व मार्गदर्शन यांवर भर देतात.

### प्रशिक्षण

बहुतेक तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यात विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम शिकता येते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याच्या अग्रणी बँकेमार्फत चालवल्या जातात. त्यांचे प्रशिक्षण अल्पमुदतीचे, निःशुल्क व निवासी असते. त्यानंतर दोन वर्षे पाठपुरावा व कर्ज मिळवण्यास मदत अपेक्षित असते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत प्रशिक्षितांपैकी किमान ७० टक्के उमेदवारांना नोकरी मिळवून देण्याची अट संस्थांवर घालण्यात आली.

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. कामाचा पहिला अनुभव मिळणे हा तिचा लाभ होय. मुदत संपल्यानंतर काय, हा प्रश्न प्रशिक्षणार्थींनीच पुढे आणला.

### विशेष गटांसाठी साहाय्य

यावल आणि धुळे येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांमार्फत आदिवासी युवकांसाठी वसतिगृहे व प्रशिक्षण यांची सोय होते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ (१९७८), अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ (१९९८) आणि शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ स्वयंरोजगारासाठी अर्थसाहाय्य करतात. ‘उमेद’ अभियानातील स्वयंसहायता गट स्त्रियांना लहान कर्जे देतात. सावकार किंवा मुकादम यांच्या उचलीला तो पर्याय ठरू शकतो.

स्वयंसेवी क्षेत्रात जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प उल्लेखनीय आहे. त्यात दिव्यांग, अनाथ, आदिवासी व तृतीयपंथी विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण व स्पर्धा परीक्षांसाठी निवासी मार्गदर्शन मिळते. निवास, भोजन, अभ्याससाहित्य आणि सोबत एकाच जागी मिळणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

### स्थलांतरितांसाठी साहाय्य

स्थलांतर थांबवता येत नसेल तेथे ते सुरक्षित करणे हा दुसरा मार्ग आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरात यांच्यात शिधापत्रिकेची आंतरराज्य सोय सुरू झाली. त्यामुळे खानदेशातील मजुराला सुरत परिसरात धान्य घेणे शक्य झाले. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये ‘ई-श्रम’ सुरू झाले.

## कार्यपद्धती

रोजगार साहाय्याच्या दोन प्रमुख पद्धती मानल्या जातात. पहिलीत उमेदवाराला आधी पूर्ण तयार करून मग कामावर पाठवले जाते. भारतातील बहुतेक योजना या पद्धतीच्या आहेत. दुसरीत उमेदवाराला लवकरात लवकर खऱ्या कामावर रुजू करून तेथेच प्रशिक्षण व आधार दिला जातो. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक व डेबोरा बेकर यांनी १९९० च्या दशकात गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींसाठी ही दुसरी पद्धत विकसित केली. तीत साहाय्याला ठरावीक मुदत नसते आणि उपचार व रोजगार पाहणारे कार्यकर्ते एकत्र काम करतात.

अनेक अडथळे असलेल्या उमेदवारासाठी पुढील क्रम उपयुक्त ठरतो:

1. उमेदवाराची सविस्तर विचारपूस; त्यात शिक्षणाबरोबर कर्ज, घरची जबाबदारी, आरोग्य व प्रवास यांचीही नोंद.
2. प्रशिक्षणापूर्वीच कागदपत्रांची पूर्तता, कारण दाखल्यांना सर्वांत जास्त वेळ लागतो.
3. हंगाम पाहून तुकडीची आखणी. ऊसतोडीला निघण्याआधी, म्हणजे पावसाळ्यात, सुरू झालेली तुकडी उचलीला पर्याय देऊ शकते.
4. पहिल्या पगारापर्यंतचा खर्च व निवास यांची तरतूद.
5. मालक किंवा पर्यवेक्षक यांच्याशी संवाद. रजा, सुविधा व कामातील बदल यांबाबत आधीच समजूत.
6. रुजू झाल्यानंतर निदान वर्षभर संपर्क.

पाचवी पायरी बहुधा वगळली जाते. उमेदवाराची पात्रता सिद्ध झाल्यावरही अडथळा दुसऱ्या बाजूला असू शकतो, हे उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांच्या उदाहरणावरून दिसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवल्यावर त्यांना भारतीय रेल्वे लेखा सेवा मिळाली. परंतु पूर्ण दृष्टिहीनतेचे कारण देऊन रुजू करून घेण्यात आले नाही. पुढील परीक्षेत १२४ व्या क्रमांकाने त्या भारतीय प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी झाल्या.

## मूल्यमापन आणि टीका

योजनांचे यश बहुधा प्रशिक्षित किंवा नियुक्त व्यक्तींच्या संख्येवर मोजले जाते. या पद्धतीवर दोन आक्षेप आहेत. एक म्हणजे, नियुक्तिपत्र मिळण्याचा दिवस आणि काम टिकणे यांत फरक आहे. सहा महिने व वर्षानंतर किती जण कामावर आहेत हे पाहिल्याशिवाय खरे यश कळत नाही. दुसरा म्हणजे, संख्येवर निधी मिळत असेल तर संस्था लवकर नोकरी लागू शकणारे उमेदवार निवडतात आणि ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे ते मागे राहतात.

रोजगार साहाय्याची मूलभूत मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. उमेदवार कितीही तयार केले, तरी परिसरात नियमित पगाराची कामे नसतील तर साहाय्याचा शेवट स्थलांतरात होतो. कारखान्यांतील कंत्राटी नेमणुकांमुळे नियुक्ती झाली तरी स्थैर्य येत नाही. म्हणून सिंचन, शेतमालावर प्रक्रिया, सार्वजनिक वाहतूक, पाळणाघरे आणि आरोग्यसेवा यांवरील खर्च हा रोजगार साहाय्याचाच भाग मानावा, असे मत मांडले जाते. याउलट, व्यक्तीचे कौशल्य वाढल्यास ती कोठेही काम मिळवू शकते, असे कौशल्य विकासाचे पुरस्कर्ते म्हणतात. खानदेशचा अनुभव पाहता हे दोन्ही मार्ग परस्परपूरक आहेत: गिरण्यांच्या कामगारांकडे कौशल्य होते, पण काम उरले नाही; सातपुड्याच्या पायथ्याशी केळीबागांत काम आहे, पण ते वर्षभराच्या सुरक्षिततेपर्यंत पोहोचत नाही.

## हेही पाहा

- खानदेश
- रोजगार हमी योजना
- वि. स. पागे
- अंबरसिंग महाराज
- अहिराणी बोलीभाषा
- औद्योगिक प्रशिक्षण संस्था
- दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६